मोठ्यानं सांगितलेलं माप

माझ्या दुकानात येणारी बाई पडद्याआड गेली की आधी पोट आत ओढते. डॉक्टरीणबाई असो नाहीतर भाजीवाली असो. मी टेप हातात धरून म्हणते, "श्वास सोडा." ती म्हणते, "सोडलाय." मी म्हणते, "अजून थोडा." मग तिला हसू येतं, हसली की पोट जागेवर येतं आणि तेवढ्यात मी टेप फिरवून घेते. शहाद्याच्या बाजारात चाळीस वर्षं लेडीज टेलरिंग केलं, त्यात शिकलेली ही सर्वांत उपयोगाची गोष्ट. श्वास कोंडून दिलेल्या मापावर ब्लाउज शिवलं, तर ती बाई लग्नाच्या पंगतीत पहिल्याच घासाला माझी आठवण काढते आणि ती आठवण काही चांगली नसते.

दुसरी गोष्ट मी कुणाकडून शिकले नाही, माझी मीच ठरवली. आकडा मोठ्यानं बोलायचा नाही. माझे सासरे नावाजलेले शिंपी. त्यांच्या दुकानाची पद्धत सगळीकडे असते तीच होती: मालक माप घेणार आणि कोपऱ्यातल्या कारागिराला ओरडून सांगणार. "छाती चाळीस, कंबर अडतीस, लिही!" दुकानात पायजम्याचं माप द्यायला आलेले चार पुरुष बसलेले असायचे. लग्न होऊन नुकती आलेली मी मागच्या खोलीत काजं करत बसायचे आणि तिथून बायकांची तोंडं दिसायची. एक बाई आकडा ऐकून पदर असा ओढून घेई की वाटावं तिचं काहीतरी चोरीला गेलं. माझं स्वतःचं दुकान झालं तेव्हा मी पहिल्यांदा पडदा लावला. माप मीच घ्यायचं, मीच चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी कापडाला टाचायची. तोंडातून शब्द नाही. या एका गोष्टीसाठी बायका खापरहून एसटीनं यायच्या. माझ्या शिलाईपेक्षा माझ्या गप्प बसण्याचं नाव मोठं झालं आणि मला त्याचा फार अभिमान होता. त्या अभिमानाचं पुढे काय झालं, तेच सांगायला बसले आहे.

ज्यांनी कधी सुई हातात धरली नाही त्यांच्यासाठी आमच्या धंद्यातला एक शब्द सांगते. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. या शब्दावर कविता करणारे करोत, माझ्यासाठी माया म्हणजे दोन्ही बगलांच्या खाली ठेवलेलं दीड-दोन इंच कापड. बाई वाढली, बाळंत झाली, आजारातून उठून भरली, की शिवण उसवायची, पुढे सरकवून घ्यायची, ब्लाउज पुन्हा अंगाला येतं. कमी कापडात जास्त नग काढणारे माया ठेवत नाहीत. मी कायम ठेवली. माझं स्वतःचं ब्लाउज मात्र मी कधी मापावर बेतलं नाही. जुनं ब्लाउज कापडावर पसरायचं, खडूनं कडेनं फिरायचं, दोन बोटं बाहेरून कापायचं, झालं.

मी धंद्याला लागले तेव्हा जाड बाईला टोमणे नव्हते असं नाही. चांगले सणसणीत होते. पण तेव्हा बारीक असण्याचंही दुःख होतं. तळोद्याकडच्या एका मुलीची आई मला लग्नाच्या ब्लाउजांना दुहेरी अस्तर लावायला सांगून गेली होती. पोर भरलेली दिसली पाहिजे, सासरच्यांना वाटायला नको की माहेरी उपाशी ठेवली. आणि आमच्या कमलाभाभी! बाजारपेठेतल्या धान्याच्या मोठ्या पेढीच्या शेठाणी. त्यांचं घराणं कधीकाळी राजस्थानातून आलेलं. त्या दिवाळीआधी ब्लाउजांचा गठ्ठा घेऊन यायच्या आणि पडद्याआड न जाता सगळ्यांसमोर म्हणायच्या, "शोभा, सब ढीला करना है. घरात बरकत आहे!" आणि काउंटरवर त्यांच्याकडच्या घेवर मिठाईचा डबा ठेवायच्या. त्यांचं अंग म्हणजे त्यांच्या घराची पाटी होती आणि ती वाचून घेताना त्यांना आनंद व्हायचा.

हे कधी उलटलं ते नेमकं सांगता येत नाही. आधी बाजारात व्यायामशाळेच्या जागी जिम आली. मग गल्लोगल्ली वजन उतरवायला पावडरचं दूध पाजणारी सेंटरं निघाली. त्यातला एक गोड बोलणारा माणूस माझ्या दुकानात आला. आधीचा फोटो, नंतरचा फोटो असं पोस्टर भिंतीवर लावायचं म्हणाला. मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, "ताई, तुमच्याकडे तर सगळ्या बायकांची मापं असतात. मोठ्या मापाच्या बायकांचे नंबर द्या. प्रत्येक जॉइनिंगमागे तुमचं कमिशन." मी त्याला विचारलं, "तुमच्या मातोश्रींचं माप किती?" तो सरळ उभा राहिला. पोस्टर त्यानं स्वतःच गुंडाळलं.

पण त्याला हाकलून काय होणार? तो जे विकत होता, ते बायका विकत न घेताच मनात घेऊन येऊ लागल्या होत्या. हल्लीचा एक प्रकार सांगते. बायका आहेत त्यापेक्षा लहान मापाचं ब्लाउज शिवायला टाकतात. "काकू, दोन इंच कमीचं शिवा. त्यात मी बसणार आहे." म्हणजे अजून नसलेल्या बाईसाठी कपडे शिवून कपाटात ठेवायचे आणि असलेल्या बाईनं ते रोज दार उघडून बघायचे. पूर्वी सासू टोचून बोलायची. सासू निदान दुपारी झोपायची. आता प्रत्येक बाई स्वतःचीच सासू झाली आहे आणि ही सासू झोपत नाही. मी अशी ब्लाउजं शिवून द्यायचे, पण आत दोन्हीकडे भरपूर माया ठेवायचे. बहुतेक सगळी परत आली आणि मी ती गुपचूप उसवून दिली.

संगीता पाटील अशाच एका ब्लाउजापायी माझ्या जवळची झाली. सारंगखेड्याची. तापीकाठी घरची पपई आणि ऊस. बायपासवरच्या इंग्रजी शाळेत तिसरीची बाई. शाळेचं नाव सांगत नाही, आणि पुढची माणसं शहाद्यातली असली तरी नावं मी बदलली आहेत. संगीता लहानपणापासून अंगानं मोठी. तिच्या भावाच्या लग्नासाठी तिनं असंच 'दोन इंच कमीचं' टाकलं होतं. दोन महिने सकाळी प्रकाशाच्या रस्त्यानं चालली, रात्री जेवणाऐवजी पावडर प्यायली. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी ती पडद्याआड ब्लाउज घालायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी पडदा बाजूला केला तर स्टुलावर बसली होती, चेहरा पांढराफटक, घाम फुटलेला. एक बाही घातलेली, दुसरी लोंबत होती.

"सकायपाईन काय खादं?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"काहीच नही, काकू. आज खाई लिसू तर व्हणार नही."

मी शेजारून चहा आणि पोहे मागवले. ती खात होती तोवर तिच्यासमोरच शिवण उसवली आणि मशीन मारून दिलं. ब्लाउज छान बसलं. तिनं आरशात बघितलं आणि विचारलं, "तुम्हले माहीत व्हतं?" मी मानेनं हो म्हटलं. ती हसली नाही. "मंग बोलन्या काबरं नहीत?" मी म्हणाले, मी बोलत नसते. तेव्हा मला ते उत्तर पुरेसं वाटलं.

मग शाळेची ऑर्डर आली. शाळा कमलाभाभींच्याच घराण्याची. त्यांचा मुलगा निखिल पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आला आणि कारभार बघू लागला. याची झबली मी शिवलेली. पोरगा वाईट नाही. याचे वडील पेढीच्या गादीवर बसल्याबसल्या गेले, तेव्हा हा कॉलेजात होता. तेव्हापासून हा घाबरलेला आहे आणि घाबरलेल्या माणसाला फार नियम सुचतात. त्यानं मला ऑफिसात बोलावलं. शाळेतल्या सगळ्या बायकांना सारखा कुर्ता आणि वर बिनबाहीचं जाकीट. काम मोठं होतं आणि खरं सांगते, मला ते हवं होतं.

"काकू, चारच साइज," तो म्हणाला. "एस, एम, एल, एक्सएल. बेचाळीसच्या वर जायचं नाही."

"आणि जी त्यात बसत नाही?"

"ती बसेल. सहा महिने देतोय ना. एप्रिलमध्ये नवे करार होतात, त्यात फिटनेसचे पॉइंट धरणार आहोत. आम्ही कुणावर जबरदस्ती करत नाही. चॉइस तिचा आहे. ज्याला स्वतःत इन्व्हेस्ट करायचं नाही, त्याच्यात शाळेनं का करावं?"

"माया किती ठेवू?"

त्याला माया म्हणजे काय ते सांगावं लागलं. सांगितल्यावर तो म्हणाला, "अजिबात नको. माया ठेवली की माणसाला वाटतं, पुढे वाढलं तरी चालेल."

मी विचारलं, पुरुष शिक्षकांचं काय? त्यात दोन-तीन पोटं अशी होती की फळा पुसताना आधी पोट पोचायचं. "त्यांचं पुढच्या फेजमध्ये," तो म्हणाला.

संगीताला हे कळलं त्या संध्याकाळी ती दुकानात आली. काही शिवायला नव्हतं. नुसती येऊन बसली. तिची मुलगी त्याच शाळेत आठवीला, आई तिथे शिकवते म्हणून निम्म्या फीवर. करार गेला तर आईची नोकरी आणि पोरीची शाळा दोन्ही एकाच दिवशी जाणार. "सहा महिनामा सहा इंच," ती म्हणाली. "दोन इंचमा तुम्हना पडदामा पडनू व्हतू, काकू." मी तिला पाणी दिलं. माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. मी म्हणाले, मी टेप थोडी ओढून धरीन, दोन इंच तरी कमी दाखवता येतील. ती पाण्याचा पेला ठेवून उठून गेली.

दोन दिवसांनी दुपारी दुकानात कुणी नसताना कमलाभाभी आल्या. घेवराचा डबा नव्हता. मनगटाला पावलं मोजणारं काळं घड्याळ होतं, सोन्याच्या बांगड्यांच्या वर. मुलानं दिलेलं. गच्चीवर फेऱ्या मारते, म्हणाल्या. फ्रीजला आता कुलूप आहे, असं हसत सांगितलं आणि हसू मध्येच थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या स्वतःहून पडद्याआड गेल्या. मला आत बोलावलं.

"शोभा, शनिवारी हॉलमध्ये तू माप घेणार. निखिल म्हणतो, सुरुवात मम्मीपासून. मोठ्यानं आकडा सांगायचा, सिनेमासारख्या परद्यावर दिसणार, बयालीसपर्यंत हिरवा, पुढे लाल. तू... बयालीस बोल."

त्यांचं माप माझ्या हाताला पाठ होतं. पन्नास.

"भाभी, डोळ्यांना दिसतंच की."

"डोळ्यांना दिसू दे. आकडा नको. बेटे की बात है. तू तो किसी का नाप बोलती नहीं, मैं जानती हूँ. एकदाच बोल, आणि थोडा कमी बोल."

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. त्यांना वाटलं मी हो म्हणाले. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ प्रत्येक बाई स्वतःला हवा तसा लावायची आणि आजवर त्यात कुणाचं बिघडलं नव्हतं. त्या रात्री मी दोन्हीकडून हिशेब केला. बेचाळीस म्हणावं तर रांगेत उभ्या असलेल्या संगीताचं काय? तिच्या खऱ्या मापाला लाल रंग लागणार आणि शेठाणीच्या खोट्या मापाला हिरवा, आणि दोन्ही माझ्याच तोंडून. खरं बोलावं तर तीस वर्षं जिचा आकडा कधी तोंडातून काढला नाही, ती बाई मी स्वतःच्या हातानं चव्हाट्यावर आणणार. ऑर्डर परत करायचंही मनात आलं. पण मी नाही गेले तर नंदुरबारहून दुसरा कुणी येईल आणि तो माझ्या सासऱ्यांसारखा ओरडेल.

शनिवारी हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या. स्टेजवर कापडी फलक: 'माझं शरीर, माझी जबाबदारी'. एका बाजूला पडदा, पण माझ्या दुकानातल्यासारखा नव्हे, सिनेमाचा असतो तसा पांढरा. त्यावर रकाने. ऑफिसातला क्लार्क लॅपटॉप घेऊन बसलेला. आकडा टाकला की बेचाळीसपर्यंत रकाना हिरवा होणार, पुढे लाल. शिक्षिका, ऑफिसातल्या बायका, झाडू मारणाऱ्या दोघी, सगळ्या रांगेत. पुरुष शिक्षक मागे भिंतीला टेकून, हात बांधून. संगीता रांगेच्या मध्यावर होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

निखिलनं माइक घेतला. निरोगी शाळा, आदर्श शिक्षक, मुलं आपल्याकडे बघून शिकतात, असं बरंच बोलला. मग म्हणाला, "सुरुवात घरापासून. माझ्या मम्मीपासून." टाळ्या झाल्या.

कमलाभाभी पुढे आल्या. मी टेप काढली. त्यांनी हात वर केले आणि पोट आत ओढलं, इतकं की मानेच्या शिरा दिसू लागल्या. मी कानाजवळ म्हणाले, "श्वास सोडा, भाभी." त्यांनी सोडला नाही. टेपची टोकं माझ्या चिमटीत आली.

"काकू, आकडा?" निखिल म्हणाला.

"लिहून देते."

"मोठ्यानं सांगा ना. लपवायचं काय त्यात? ट्रान्सपरन्सी ठेवायची आहे."

"चाळीस वर्षं मी आकडा बोललेली नाही, निखिलभाऊ. कागद द्या."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. क्लार्कची बोटं तशीच अधांतरी. निखिलचं हसू ताणलं गेलं. "काकू, सगळे थांबलेत," तो म्हणाला आणि त्यानं माइक माझ्या तोंडासमोर धरला. माझ्या श्वासाचा आवाज हॉलभर ऐकू आला. कमलाभाभींचे डोळे माझ्यावर. बेचाळीस हा शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता. खोटं सांगत नाही.

तेवढ्यात रांगेतून आवाज आला. "भाभी, तुम्ही बठा. आधी मन्हं माप ल्या, काकू."

संगीता रांग सोडून पुढे आली. भाभींचा हात धरून तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. हात वर केले. पोट आत ओढलं नाही. चाळीस वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं की बाई समोर उभी आहे आणि मला "श्वास सोडा" म्हणावं लागत नाही. मी टेप फिरवली. तिचं माप घेतलं आणि सवयीनं कागद शोधू लागले.

"मोठा आवाजमा सांगा," ती म्हणाली.

"संगीता, अगं..."

"काबरं गप शेतस, काकू? मन्हं माप काय चोरीनं शे? तुम्ही पडदा लाया, चिठ्ठी लिखी, गुपचूप उसवी दिधं. तुम्ही लपाडं म्हनीसन तर माले वाटनं का हाई लपाडानीच चीज शे."

ती चिडून बोलली नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं. मी ज्याला आयुष्यभर माझा चांगुलपणा समजत होते, त्याचं हे दुसरं टोक कुणी मला दाखवलं नव्हतं. सासरे ओरडायचे म्हणून बाईला लाज वाटायची. मी गप्प बसायचे, तरी लाज तिथेच होती. मी फक्त तिला नीट घडी घालून ठेवत होते.

मी निखिलच्या हातातला माइक घेतला. "छाती अठ्ठेचाळीस," मी म्हणाले. आवाज फाटला. पुन्हा म्हणाले. "छाती अठ्ठेचाळीस. कंबर सेहेचाळीस. सीट बावन्न."

क्लार्कनं आकडे टाकले. पांढऱ्या पडद्यावर भलामोठा लाल चौकोन उमटला, त्यात तिचं नाव. संगीता वळली, तिनं पडद्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "रंग चांगला शे. मन्ही लगननी साडी बी आशीच व्हती."

आधी झाडू मारणाऱ्या दोघी फिस्सकन हसल्या. मग सगळा हॉल.

हसणं ओसरल्यावर ती निखिलकडे वळली आणि शाळेतल्या मराठीत बोलली. "सर, हे माझं माप आहे. सहा महिन्यांनीही बहुतेक हेच असेल. मला नोकरी पाहिजे. माझी मुलगी इथे शिकते. पण खोटं माप देऊन नको." मग तिला तेवढ्या मराठीत पुरेना. "माले शुगर व्हई तर मी डॉक्टरले दखाडसू. जाकिटले काबरं दखाडू?"

निखिल म्हणाला, "मॅडम, हे तुमच्या भल्यासाठीच आहे. कुणी जबरदस्ती..." आणि त्याचं वाक्य तिथेच राहिलं, कारण खुर्चीचा आवाज झाला. कमलाभाभी उठल्या होत्या. त्या माझ्यापाशी आल्या. मी टेप उचलली. "टेप छोड," त्या म्हणाल्या. त्यांनी मनगटावरचं काळं घड्याळ काढलं, माझ्या हातात दिलं आणि एक लांब श्वास सोडला. आत ओढलेलं सगळं जागेवर आलं.

"पन्नास," त्या क्लार्कला म्हणाल्या. माइकची गरज नव्हती. "लिख. किती वर्षांपासून पन्नास. शोभाला माहीत आहे, पण ती बोलणार नाही, म्हणून मीच बोलते."

"मम्मी, प्लीज," निखिल हळू आवाजात म्हणाला.

"तुझे पापा बारीक होते, बेटा," त्या तितक्याच हळू म्हणाल्या. मी अगदी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. "वो बारीक थे, फिर भी गये. तू माझ्या जेवणाला कुलूप लावून त्यांना परत आणू शकत नाहीस."

निखिलनं माझ्या हातातून माइक घेऊन टेबलावर ठेवला. मग स्वतः जाऊन प्रोजेक्टरची पिन काढली. "काहीतरी टेक्निकल प्रॉब्लेम आहे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मला झबल्यातल्या पोरासारखा वाटला. माप पुढे चालू राहिलं, पण त्या पांढऱ्या पडद्याशिवाय. काही बायकांनी आकडा मोठ्यानं सांगायला लावला, काहींनी "काकू, लिहूनच ठेवा" म्हटलं. ज्यांना गप्प हवं होतं त्यांना मी गप्प दिलं. तो त्यांचा हक्क होता.

जाकिटं प्रत्येकीच्या मापाची शिवली. प्रत्येक शिवणीत माया ठेवली. निखिलला विचारलं नाही.

आता कुणी म्हणेल, मग सगळं गोड झालं. तसं नाही. एप्रिलपर्यंत संगीता रोज घाबरलेली होती, मीही. हॉलमध्ये हसणाऱ्या दोन-तीन शिक्षिका नंतर तिच्याशेजारी डबा खायला बसेनात, उगाच सरांच्या डोळ्यांवर यायला नको म्हणून. करार झाला, पण इतरांसारखा वर्षाचा नाही, सहा महिन्यांचा. कारण कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. फिटनेसचे पॉइंट करारातून गेले, पण आता ते 'ऐच्छिक' आहेत. दर सोमवारी वजनकाटा ठेवतात, वजन उतरवणाऱ्याला गॅदरिंगमध्ये स्टेजवर बक्षीस. जवळजवळ सगळ्या जातात. जबरदस्ती कुणावर नाही. संगीता काट्यावर चढत नाही. सोमवारी ती वर्गात जरा लवकर जाऊन बसते. पुढच्या वर्षीचे गणवेश सुरतेहून तयार येणार असं कानावर आलं आहे. चार साइज. ते उसवायला बायका माझ्याकडे येतील आणि आत उसवायला काही नसेल, याचं मला वाईट वाटतं. कमलाभाभींच्या घरच्या फ्रीजचं कुलूप मात्र निघालं. या वेळी दिवाळीची वाट न बघता घेवराचा डबा आला.

सहा महिन्यांचा करार घेऊन संगीता आली त्या दिवशी दुकानात गर्दी होती. बाकावर तिघी-चौघी बसलेल्या, रस्त्याकडचं शटर पूर्ण उघडं. तिचं जाकीट खांद्याला थोडं ओढत होतं, ते मी बघत होते. ती एकदम म्हणाली, "काकू, तुम्हनं माप कितलं शे?"

मी म्हणाले, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. तालुक्यातल्या निम्म्या बायकांची मापं माझ्या हाताला पाठ आणि माझं स्वतःचं मी कधी घेतलं नव्हतं. जुन्या ब्लाउजावरून खडू फिरवायचा, दोन बोटं बाहेरून कापायचं. दर वर्षी दोन बोटं बाहेरून, पण टेप कधी लावायची नाही. ही काही सवय नव्हती. मी घाबरत होते. ज्या बाईनं सगळ्यांसाठी पडदा शिवला, तिनं पहिला पडदा स्वतःसाठी लावला होता.

संगीतानं माझ्या गळ्यातली टेप काढून घेतली. "हात वर करा," म्हणाली. मी हात वर केले. आणि बाई म्हणून माझ्याकडूनही तेच झालं. मी पोट आत ओढलं.

"श्वास सोडा, काकू," ती म्हणाली.

"सोडलाय."

"आजून थोडा सोडा."

मला हसू आलं. तिनं टेप फिरवली आणि दुकानातच नव्हे, समोरच्या भांड्यांच्या दुकानापर्यंत जाईल अशा आवाजात आकडा सांगितला. बाकावरच्या बायकांनी वळून बघितलं. काहीही झालं नाही. रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

सेहेचाळीस. संपादकांना सांगितलं आहे, लेख लांबला तर कुठूनही कापा, पण हा आकडा छापा.